आरटीएक्स ५०७० साठी एसएमपीएस किती वॉटचा? लेबल, केबल आणि यूपीएस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातलं मशीन: आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १६५०. आता आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटसोबत आलेला, त्यावर ‘४५० वॉट’ छापलंय. दुकानदार म्हणतो ८५० वॉटचा ‘गोल्ड’ शिक्क्याचा घ्या. मित्र म्हणतो आहे तोच चालेल, तीन वर्षांत कुठे काय झालं? घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे.

मित्राचं अजिबात ऐकू नका, दुकानदाराचं अर्धं ऐका. चांगल्या बनावटीचा ६५० वॉटचा एसएमपीएस तुम्हाला पुरतो. ७५० घेतलात तर पुढच्या कार्डापर्यंत निवांत. ८५० ची तुम्हाला गरज नाही. पण यूपीएस मात्र बदलावा लागेल, आणि त्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही.

आधी मित्राचा मुद्दा. जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचं कार्ड. त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबल लागतच नाही. सगळी वीज ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं, आणि पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉटच देतो. म्हणजे गेम चालू असतानाही तुमच्या अख्ख्या मशीनचा लोड दीडशे-दोनशे वॉटच्या आसपास राहत आला. ५०७० हे एकटं कार्ड २५० वॉटचं आहे. तुमचा एसएमपीएस तीन वर्षं नीट चालला कारण तीन वर्षांत त्याच्यावर खरा लोड कधी आलाच नाही.

आता तुम्ही फोटो पाठवलेलं लेबल वाचू. ३.३ व्होल्टला २० अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर, १२ व्होल्टच्या दोन रेल (म्हणजे वीज बाहेर पडायच्या दोन वाटा), १४ आणि १५ अँपिअर. त्याखाली बारीक अक्षरात दोन्ही १२ व्होल्ट रेल मिळून जास्तीत जास्त ३०० वॉट. सगळी गोम या शेवटच्या ओळीत आहे. बरेच जण १४ आणि १५ ची बेरीज करतात, २९ ला १२ ने गुणतात आणि ३४८ वॉट मिळाले म्हणून खूश होतात. तसं नसतं. दोन्ही रेल एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालणार नाहीत म्हणून तर कंपनी एकत्रित आकडा वेगळा छापते. तुमच्या हातात ३०० वॉट आहेत, म्हणजे २५ अँपिअर.

बाकीचे दीडशे वॉट गेले कुठे? ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात. पेंटियम ४ च्या आधीच्या काळात प्रोसेसरला वीज बहुतेक या रेलवरून मिळायची. २००० साली एटीएक्सच्या मानकात मदरबोर्डसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनचा कनेक्टर आला आणि तिथून सगळा भार हळूहळू १२ व्होल्टवर सरकला. आज प्रोसेसर १२ व्होल्टवर, ग्राफिक्स कार्ड १२ व्होल्टवर, पंखे १२ व्होल्टवर. ५ आणि ३.३ वर उरलं एसएसडी, यूएसबी आणि किरकोळ सामान. स्वस्त एसएमपीएसची रचना मात्र अजून त्या जुन्याच हिशोबाची असते. त्यामुळे बॉक्सवर आकडा मोठा दिसतो आणि कामाची वीज कमी मिळते. नव्या रचनेचा ६५० वॉटचा एसएमपीएस उचलून लेबल पाहा: १२ व्होल्टला ५४ अँपिअर, म्हणजे ६४८ वॉट. जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथेच. दुकानात गेल्यावर वॉट विचारूच नका. बॉक्स फिरवा, १२ व्होल्टचे अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. हा गुणाकार वॉटच्या आकड्यापासून बराच खाली आला तर तो एसएमपीएस परत मांडणीवर ठेवा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात अजून काही जण एसएमपीएस हातात तोलून बघतात. जड म्हणजे चांगला. अगदीच पोकळ माल ओळखायला ही युक्ती एके काळी बरी होती. आत हीटसिंक आणि कॉइल नसलेला डबा लगेच कळायचा. पण ६५० आणि ७५० मधला फरक हाताला कळत नाही, आणि खराब कपॅसिटर तर मुळीच नाही.

तुमच्या मशीनचा हिशोब असा. कार्ड २५० वॉट. आय५-१२४००एफ वर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो मूळ वेगाचा आकडा. टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात चालताना, इंटेल स्वतः ११७ वॉट देते, तोच धरा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे यांचे सगळे मिळून ५० धरा. एकूण ४१७, म्हणजे सुमारे ४२० वॉट. खरं तर गेममध्ये प्रोसेसर क्वचितच ११७ ला पोहोचतो, ६०-७० वर खेळतो, त्यामुळे रोजचा लोड ३७० च्या आसपास राहील. पण एसएमपीएस निवडताना वाईटात वाईट वेळ धरायची. ४२० पैकी जवळपास ४०० वॉट १२ व्होल्टवर, आणि तुमच्याकडे आहेत ३००. मित्राचा विषय इथे संपला.

एनव्हिडियाही ५०७० साठी ६५० वॉटचाच एसएमपीएस सुचवते. कंपन्यांचा हा आकडा हिशोबापेक्षा नेहमी मोठा असतो, कारण तुमच्याकडे प्रोसेसर कुठला आणि एसएमपीएस किती खरं बोलतो हे त्यांना माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे तुमचा स्वतःचा हिशोब जास्त भरवशाचा. तुमच्या जागी आय७-१४७००के वापरणारा कोणी असता, तर त्या प्रोसेसरचे टर्बोमधले २५३ वॉट धरून बेरीज साडेपाचशेच्या वर गेली असती आणि मीही ७५० किंवा ८५० च म्हटलं असतं. दुकानदार चुकीचा नाही, तो वेगळ्या गिऱ्हाइकाचं उत्तर तुम्हाला देतोय.

मग ४२० ला ५५० का नको, ६५० च का? याचं कारण कार्डाच्या झटक्यांत आहे. २५० वॉट ही सरासरी. आजचं कार्ड मिलिसेकंदाच्या काही भागापुरतं दीडपट, कधी दुप्पटसुद्धा ओढतं आणि लगेच खाली येतं. वॉटमीटरला हे दिसत नाही, सॉफ्टवेअरलाही नाही, ऑसिलोस्कोप लावला तरच दिसतं. एसएमपीएसच्या आतल्या संरक्षण सर्किटला मात्र दिसतं. ते म्हणतं लोड मर्यादेबाहेर गेला, आणि मशीन पटकन बंद. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा कागदोपत्री पुरेसे असलेले एसएमपीएसही गेमच्या मध्येच बंद पडत होते, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या घालत होते. लोकल गाड्या दिवसभराच्या सरासरीवर आखत नाहीत, संध्याकाळच्या सहाच्या लोंढ्यावर आखतात, इथेही तसंच. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात हेच लेखी आलं. ४५० वॉटपेक्षा मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका सोसायला हवा, असं त्यात म्हटलंय. पुढच्या वर्षी ३.१ आलं. बॉक्सवर यातलं काही एक लिहिलेलं असेल तर ६५० डोळे मिटून घ्या. जुन्या मानकाचा चांगला ६५० कोणी स्वस्तात देत असेल तरी २५० वॉटच्या कार्डाला तो चालेल. ३०० वॉटपेक्षा मोठ्या कार्डाला मात्र मी जुन्या मानकाचा नवा एसएमपीएस आता सुचवत नाही.

एक गैरसमज जाता जाता: ‘एसएमपीएस अर्ध्या लोडवरच चालवावा, म्हणून दुप्पट घ्यावा.’ कार्यक्षमता अर्ध्या लोडच्या आसपास सगळ्यात जास्त असते हे खरं. पण चांगल्या एसएमपीएसमध्ये ५० टक्के आणि ८० टक्के लोड यांत फरक एक-दोन टक्क्यांचा असतो. त्यासाठी ८५० घेणं म्हणजे उगाच पैसे घालवणं.

ब्रॉन्झ की गोल्ड, तर आधी हे लक्षात घ्या की ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती मशीनला मिळते. व्होल्टेज किती स्थिर, संरक्षण सर्किट खरंच काम करतं का, आवाज किती, यातलं काहीही तो सांगत नाही. वर ती चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते. नागपुरात मे महिन्यात खोलीत २३ अंश हवे असतील तर एसी लावून बसावं लागेल. तुमच्यासाठी रंगापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी: कंपनी पूर्ण क्षमता किती तापमानाला देते. काही ४० अंशांची हमी देतात, चांगल्या ५० अंशांची. बाहेर ४५ आणि कॅबिनेटमध्ये त्याहून जास्त असताना ४० अंशांचा ६५० हा ६५० राहत नाही. लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा, आणि कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ते बघा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल जुना ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. विदर्भात एसएमपीएस मरतात ते बहुतेक याच वाटेने.

पैशाचा हिशोबही करून टाकू. ४०० वॉट लोडला ८५ टक्क्यांचा ब्रॉन्झ भिंतीतून ४७० वॉट घेतो, ९० टक्क्यांचा गोल्ड ४४४. फरक २६ वॉट. रोज चार तास खेळलात तर वर्षाला सुमारे ३८ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर ३८० रुपये. दोघांच्या किमतीतला फरक पाच-सहा वर्षांत कदाचित भरून निघेल, कदाचित नाही. मी गोल्ड सुचवतो ते वीजबिलासाठी नाही. गोल्डच्या किमतीत कंपन्या सहसा आतला माल बरा घालतात आणि वॉरंटी सात किंवा दहा वर्षांची देतात, म्हणून. पण पाच वर्षांच्या वॉरंटीचा, नामवंत कंपनीचा ब्रॉन्झ हा ऐऱ्यागैऱ्या नावाच्या गोल्डपेक्षा कधीही चांगला. वॉरंटीचे वर्ष हा माझ्या मते बॉक्सवरचा सर्वात प्रामाणिक आकडा आहे. तिथे खोटं लिहिलं तर भुर्दंड कंपनीला पडतो. खोटे ८० प्लस स्टिकरही बाजारात आहेत. शिक्का देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून दोन मिनिटांत खात्री होते.

आता केबल. लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात आणि जळतं बहुतेक इथेच. मानकाप्रमाणे सहा पिनचा कनेक्टर ७५ वॉट देतो, आठ पिनचा १५० वॉट. ५०७० च्या बहुतेक कार्डांवर नवा १६ पिनचा कनेक्टर असतो आणि सोबत दोन आठ पिनना जोडणारा अडॅप्टर येतो. दोन दीडशे म्हणजे ३००, कार्डाला पुरेसं. पण हे दोन आठ पिन एसएमपीएसपासून निघालेल्या दोन वेगळ्या केबलचे हवेत. एकाच केबलला शेवटी दोन तोंडं फुटलेली असतात, तसली केबल २५० वॉटच्या कार्डाला मी लावत नाही. लगेच जळेल असं नाही, पण सगळा करंट एकाच केबलच्या तारांतून जातो आणि एसएमपीएसकडचं टोक गरम होतं. तुमच्या जुन्या एसएमपीएसला सहा-अधिक-दोन (म्हणजे आठ) पिनची केबल एकच आहे. तेवढ्या एका गोष्टीवरही तो बाद होतो.

हार्ड डिस्कच्या साटा पॉवरमधून आठ पिन करून देणारा अडॅप्टर कोणी पुढे केला तर हात जोडा आणि निघा. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन, प्रत्येक दीड अँपिअरची. साडेचार अँपिअर म्हणजे ५४ वॉट. त्यातून १५० वॉटचा कनेक्टर काढायचा म्हणजे प्लास्टिक वितळवायचंच.

नवा एसएमपीएस घेताना १६ पिनची मूळ केबल सोबत असलेला मिळाला तर उत्तम. अडॅप्टरचा गुंता वाचतो. त्या केबलवर ३००, ४५० किंवा ६०० वॉट छापलेलं असतं. तुम्हाला ३०० वाली चालते. कनेक्टरमधल्या चार बारीक पिनांपैकी दोन, केबल किती वॉटची आहे ते कार्डाला सांगतात. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. बरेचसे कनेक्टर पूर्ण आत बसलेले नव्हते, असं तपासात निघालं. नंतर आलेल्या १२व्ही-२x६ या सुधारित कनेक्टरमध्ये त्या बारीक पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या कनेक्टरवर कार्ड सुरूच होणार नाही. ५०७० ला करंट ४०९० च्या निम्म्याच्या जरा वर, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. तरी कनेक्टर शेवटपर्यंत दाबा, फट उरली नाही ना ते टॉर्च लावून बघा, आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. कॅबिनेटची बाजूची काच केबलला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे. कार्ड घेण्याआधी टेप लावून मोजा, लांबीही आणि रुंदीही.

आणि एक गोष्ट लाल शाईने लिहावी अशी. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका, कंपनी तीच असली तरी. कार्डाकडचं टोक मानकाप्रमाणे असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मानक नाही. पिनांचा क्रम प्रत्येक मॉडेलला वेगळा असू शकतो. तोंड बिनचूक बसतं, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क मरते. कॅबिनेटमधल्या जुन्या केबल छान बांधलेल्या आहेत, फक्त डबा बदलू, हा मोह आवरा. सगळ्या केबल काढायच्या, नव्या घालायच्या. तसंच प्रोसेसरच्या चार-अधिक-चार पिनच्या केबलला आणि कार्डाच्या सहा-अधिक-दोनला एकमेकांच्या जागी बसवायचा प्रयत्न नको. दोन्हींची ध्रुवता उलटी असते. खाचा वेगळ्या असतात, पण जोर लावणाऱ्यापुढे खाच काय करणार.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॉट एक नव्हेत. गेम खेळताना मशीनचा लोड ३७०, एसएमपीएसची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर भिंतीकडून ४२०, त्यात मॉनिटरचे ३०. झाले ४५०. लाईट गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी मारून बंद, आणि मशीनही बंद. मग तो असून नसल्यासारखाच. ११०० व्हीएचा, ६६० वॉट लिहिलेला यूपीएस घ्या. बॉक्सवर वॉट स्पष्ट लिहिलेले नसतील तर तो घेऊच नका.

शिवाय नव्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन वेव्ह देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात. बऱ्याच एसएमपीएसना ते चालतं, काहींना चालत नाही. लाईट गेल्याक्षणी मशीन बंद पडतं. घेतल्यावर पहिल्याच दिवशी तपासा. गेम चालू करा, त्यात सेव्ह न केलेलं काही नको, आणि यूपीएसचा प्लग बोर्डातून काढा. मशीन तगलं तर झालं. नाहीच तगलं तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागेल, तो महाग असतो. दिवसातून एकदा पाच मिनिटं लाईट जाणाऱ्या भागात राहत असाल तर गेम खेळताना यूपीएस सोडूनच द्या, असंही मी सांगेन. नुसता चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा. पण ऑफिसचं काम त्याच मशीनवर असेल तर तो खर्च करा.

कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर बहुतेक वेळा दोष एसएमपीएसचा नसतो, सॉकेटला अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असलं की बॉडीवर जवळपास निम्मं व्होल्टेज येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो, पण मॉनिटरची केबल लावता-काढताना तोच पोर्ट जाळू शकतो. नवीन एसएमपीएस घेऊन हे जाणार नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो सॉकेट तपासून घ्या, आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावला असेल तर तो आजच काढा.

ऑफिसातून निघालेले सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड घालणारे बरेच जण असतात, त्यांच्यासाठी एवढंच: त्यांचे एसएमपीएस आणि मदरबोर्डचे कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे असतात, बाजारातला एसएमपीएस सरळ बसत नाही. अशा मशीनला स्लॉटवरच चालणारं, ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल घालावं आणि एसएमपीएसला हात लावू नये. कॅबिनेट बुटकं असेल तर अर्ध्या उंचीचं मॉडेल बघा.

सगळं बसवून झालं की तासभर एखादा जड गेम चालवा. मशीन अचानक रीस्टार्ट झालं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. ती वाचून लगेच एसएमपीएसवर खापर फोडू नका. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद झालं. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा आणि पुन्हा तासभर चालवा. आता बंद पडलं नाही तर संशय एसएमपीएसवर किंवा केबलवर. तरीही पडलं तर रॅम, ड्रायव्हर आणि तापमान तपासा. तोवर एसएमपीएसचा बॉक्स आणि बिल टाकू नका. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीला बहुतेक ठिकाणी तोच विचारतात.